पहिल्या खुर्चीवरची बेव्हर्ली

बेव्हर्ली हार्ग्रीव्जला ओठ नव्हते म्हटलं तर ती रागावायची नाही, कारण ती स्वतःच तसं सांगत फिरायची. "देवानं माझ्या तोंडाला नुसती चीर पाडली आणि चहा प्यायला निघून गेला," असं ती बेकरीच्या काउंटरमागून गिऱ्हाइकांना ऐकवायची. दिवसा बेकरी आणि संध्याकाळी हॅदरक्लफ गावचा ब्रास बँड, याखेरीज तिला तिसरं आयुष्य नव्हतं. बँडमध्ये ती पहिल्या खुर्चीवरची कॉर्नेटवाली; कॉर्नेट म्हणजे ट्रम्पेटचं धाकटं भावंड. सोलो तिचे, उंच सूर तिचे आणि घसरलं की सगळ्या गावाच्या नजराही तिच्यावरच. शेजारच्या खुर्चीवरची रोझी छान वाजवायची, पण वीस वर्षांत बेव्हर्लीनं आपली खुर्ची कुणाला शिवू दिली नव्हती.

पन्नाशी उलटली आणि होते तेवढे ओठही आत गेले. लिपस्टिक लावावी तर ती ओठांभोवतीच्या सुरकुत्यांत पसरे. वसंतात बँडचा नवा फोटो पबच्या भिंतीवर लागला, तो बघून ती तडक भाचीकडे गेली. शॉना नर्सिंग शिकलेली. गावातच तिचं सुई टोचणारं पार्लर होतं आणि ते भलतंच जोरात चालायचं.

"मावशी, पेन्सिलनं बाहेरून रेघ ओढ, ओठ मोठे दिसतात."

"ते विदूषकाला शोभतं."

"मग मिरचीचं ग्लॉस लाव. झोंबतं आणि फुगतं."

"आणि ते पुसल्यावर?"

"मांडीतली चरबी काढून ओठात भरतात, पण ते मोठ्या दवाखान्यात."

"माझ्या मांडीत अख्ख्या गावाला पुरेल एवढी आहे गं! सोपं काय ते सांग."

सोपं म्हणजे फिलर, सुईनं ओठात भरायचं जेल. शॉनानं बजावलं, आठवडाभर वाजवायचं नाही. बेव्हर्लीनं बँडला सर्दीचं निमित्त कळवलं. आधी सूज आली, निळंकाळं झालं, मग सगळं उतरलं आणि आरशात एक बाई दिसली जिला चक्क ओठ होते. बेव्हर्ली त्या बाईवर खूश झाली. हौसेला मोल नसतं!

मग ती तालमीला गेली. कॉर्नेट तोंडाला लावलं आणि नुसती फुस्स हवा निघाली. खालचे सूर कसेबसे आले. वरचा एकही येईना. ओठ थरथरायलाच तयार नव्हते, गादी ठेवल्यासारखे पडून होते. रोझीनं बिचारीनं मान खाली घातली आणि बेव्हर्लीला तेच जास्त लागलं. पुढच्या शुक्रवारी व्हिट फ्रायडे होता. त्या दिवशी बँड एकामागून एक गावांत मार्च वाजवत जायचा, आणि मार्चचा सगळ्यात उंच सूर पहिल्या खुर्चीचा असायचा.

"विरघळव हे," ती शॉनासमोर रडली.

"विरघळवते की. एक सुई, उद्यापर्यंत साफ. पण मावशी, पुन्हा चीर होईल हं. एकदा आरशात बघ आणि सांग."

बेव्हर्लीनं बघितलं. ओठ ठेवावेत तर खुर्ची जाते, खुर्ची ठेवावी तर ओठ जातात. शेवटी ती बँडमास्तर डेनिसच्या दारात उभी राहिली आणि सगळं ओकून मोकळी झाली. म्हातारा हसून हसून खोकायला लागला.

"हसू नकोस, मेल्या. माझा जीव चाललाय."

"बॅरिटोन घे. खालच्या सुरांचं मोठं वाद्य, फुंकायचं तोंड रुंद, तुझे ओठ मावतील. बोटं तर तीच. ती जागा रिकामीच आहे."

"म्हणजे मला मागे बसवतोस?"

"मधे बसवतोय. रोझी पुढे वाजवेल. शुक्रवारपुरतं कर, मग बघू."

वाद्य घेऊन ती घरी आली ती धुमसतच. सूर मात्र निघाला. खालचा, जाडसर आणि बऱ्यापैकी गोड.

शुक्रवारी पहिल्याच गावात, रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी असताना, तो उंच सूर जवळ आला. पुढे रोझीचे खांदे ताठ झालेले बेव्हर्लीला दिसले. तिनं सवयीनं पोटात गोळा यायची वाट पाहिली. गोळा आला नाही. रोझीनं सूर गाठला, बँड पुढे चालत राहिला आणि बेव्हर्ली मधे सुखात वाजवत राहिली. तिच्या जिवावरचं काहीतरी उतरलं होतं आणि ते एवढं जड होतं हे तिला आजवर ठाऊकच नव्हतं. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. सुटले मी, ती मनात म्हणाली, देवाशप्पथ सुटले!

गर्दीत शॉना भेटली. "मावशी, सोमवारी ये, विरघळवून टाकू."

"हात तर लावून बघ!" बेव्हर्ली म्हणाली आणि तिच्या हातातले चिप्स घेऊन पुढच्या गावी निघालेल्या बँडच्या बसमध्ये चढली.

रोझी खिडकीशी बसली होती, पांढरीफटक. अजून चार गावं बाकी होती. बेव्हर्ली तिच्या शेजारी बसली आणि चिप्सचा पुडा पुढे केला. रोझीनं नकारार्थी मान हलवली.

"काही उतरतच नाही घशाखाली. बेव्हर्ली, तू इतकी वर्षं हे कसं केलंस गं?"

वीस वर्षांत हे तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी तिनं खरं सांगितलं नसतं.

"घाबरत," बेव्हर्ली म्हणाली. "दर वर्षी, दर गावात, तुझ्यासारखीच उपाशी आणि घाबरत."

 रोझीनं एक चिप उचलून तोंडात टाकली.