ठिपक्या कुठवर आला?

अण्णांनी आयुष्यभर टपाल वाटलं. त्या नोकरीत त्यांना कुत्री चावली, दारादारांतून अंगावर धावून आली, आणि या गड्यानं घरी पाळलं ते कुत्रंच! पांढरं, अंगावर काळे ठिपके, एक कान दुमडलेला. नाव ठिपक्या. एका संध्याकाळी दार उघडं राहिलं, ठिपक्या बाहेर पडला तो परत आलाच नाही. अण्णांनी सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पुढे नोकरी संपली, पोरांची आई गेली, आणि कुत्र्याचं दुःख बाकीच्या दुःखांखाली दबून गेलं.

मग अण्णांचं डोकं साथ सोडू लागलं. आठवणी एकेक करून गेल्या; त्यांत पोरांची आईसुद्धा गेली. राहिलं नेमकं ते कुत्रं. दिवस कलला की अण्णा पुढचं दार किलकिलं करून खुर्चीत बसायचे. ठिपक्या आल्याशिवाय ताटावर बसायचे नाहीत. समजावून, रागावून, हाता-पाया पडून थोरल्या लेकीनं शेवटी हात टेकले. अण्णांच्या मनगटाची हाडं वर आली होती. डॉक्टर म्हणाले, "काहीही करा, पण यांच्या पोटात अन्न जाऊ द्या."

तिचा धाकटा भाऊ दूर राहायचा आणि फोनवरून अक्कल पाजळायचा. "दुसरं कुत्रं आण ना ताई." तेही करून झालं होतं. शेजाऱ्यांचं कुत्रं आणून बसवलं, तर अण्णांनी त्याला चपलेनं हाकललं. "हा आपला नव्हे."

थोरली घरी बसूनच काम करायची. गोदामातल्या मालाचा हिशेब ठेवणारा एक जुनापुराणा प्रोग्रॅम होता, त्यात ती भर घालायची. लग्न जमलं नव्हतं, मैत्रिणी पांगल्या होत्या. तिचं जग म्हणजे टेबल, खिडकी आणि अण्णांचा खोकला. तिची कीव येऊन की काय, ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं तिला एक प्लगइन, म्हणजे प्रोग्रॅमला वरून जोडायचा छोटा तुकडा, पाठवलं. ती ज्या एडिटरमध्ये कोड लिहायची, त्याच्या तळाशी ओळींचे आकडे दाखवणारी पट्टी असते. हे बसवलं की त्या पट्टीत एक मांजर धावतं. फाइलच्या वरच्या टोकाला तुम्ही असाल तर मांजर डावीकडे, शेवटच्या ओळीवर पोचलात की उजवीकडे. पोरखेळ सगळा! पण तिनं बसवलं.

अण्णा शेजारीच बसले होते. "पोरी, हे काय पळतंय गं?"

कित्येक दिवसांत त्यांनी तिला पोरी म्हटलं नव्हतं. तिनं त्या दिवशी कामाला हातच लावला नाही. प्लगइनच्या फोल्डरमध्ये मांजराची चित्रं होती, तांदळाच्या दाण्याएवढी. ती काढून तिनं ठिपके रंगवले, कान दुमडला. शेपटीनं मात्र पिच्छा पुरवला. कुत्र्याचं शेपूट, सरळ कसं होणार! मांजरामागचा रंगीत पट्टा सेटिंगमधून बंद केला, तिथे करडा रस्ता टाकला आणि उजव्या टोकाला लाल दाराचं घर काढलं. एडिटर बंद करून पुन्हा उघडला. अण्णा स्क्रीनकडे बघत राहिले. मग त्यांनी काचेवर बोट टेकवलं. "निघालाय."

घोटाळा एवढाच झाला की थोरली नवा कोड फाइलच्या अखेरीस लिहायची, म्हणजे कुत्रं सकाळपासून घरातच. तिनं त्यावर तोड काढली: खाली ढीगभर रिकाम्या ओळी टाकल्या. आता ठिपक्याला चालायला रस्ता मिळाला. दिवसभर ती त्याला थोडं थोडं पुढे न्यायची, आणि अण्णा विचारायचे, "पोरी, कुठवर आला?"

"पुलापर्यंत आलाय."

"दमला असेल."

संध्याकाळी ती शेवटच्या ओळीवर जायची. ठिपक्या लाल दारात. "आला!" म्हणून अण्णा उठायचे आणि ताटावर बसायचे. सकाळी पुन्हा सगळं पहिल्यापासून. लबाडी होती ती. जन्मदात्या बापाला रोज फसवताना थोरलीला स्वतःची चीड यायची. पण हाडांवर मांस दिसू लागलं होतं.

टीमच्या मुख्यानं एकदा फोन केला. "अहो, तुमच्या फाइलीखाली या रिकाम्या ओळी कसल्या? आवरा तो पसारा." तिनं हो हो म्हटलं आणि विषय टाळला. कुत्र्याचं कारण कोणत्या तोंडानं सांगणार? मुख्य काही वाईट माणूस नव्हता. त्यानं सगळ्यांसाठीच एक सोय केली: फाइल सेव्ह केली की खालच्या रिकाम्या ओळी आपोआप पुसल्या जातील. त्याची सूचना आली होती. थोरलीनं ती वाचली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा येऊन बसले. ठिपक्या नुकताच निघाला होता. थोरलीनं दोन ओळी लिहिल्या, सवयीनं सेव्ह केलं. खालच्या रिकाम्या ओळी पुसल्या गेल्या, तिची ओळच शेवटची झाली, आणि कुत्रं एका उडीत घरी.

अण्णा दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं, तसं समाधान थोरलीनं लहानपणानंतर पाहिलं नव्हतं. "धावत आला," ते म्हणाले. उठले, पुढच्या दाराशी गेले, दार घट्ट लावून कडी घातली. "आता कुठं जायचं नाही हं, बाळा."

त्या दिवशी ते पोटभर जेवले. दुसऱ्या दिवशीही जेवले, पण तिच्या टेबलाशी आले नाहीत. थोरलीनं ती सोय आपल्यापुरती बंद केली, ओळी पुन्हा टाकल्या, ठिपक्याला पार डाव्या टोकाला नेऊन सोडलं.

"अण्णा, बघा ना, ठिपक्या बाहेर पडलाय!"

अण्णा पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडले होते. "तो आलाय. निजू द्या त्याला."

डॉक्टर खूश होते, धाकटा खूश होता. अन्न जात होतं, रात्री झोप होती, आणखी काय हवं? थोरलीला काय हवं होतं ते तिलाही आत्ता कळत होतं. "पोरी, कुठवर आला?" हा एक प्रश्न. दिवसातून चारदा येणारा तो प्रश्न सोडला, तर बापलेकीत काही उरलंच नव्हतं.

संध्याकाळी तिनं स्वतः जाऊन कडी काढली, दार पूर्वीसारखं किलकिलं केलं आणि अण्णांच्या खुर्चीजवळ उभी राहिली. थंड वारा आत आला. अण्णा उठून बसले. त्यांनी उघड्या दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"बाई," ते अदबीनं म्हणाले, "जाताना तेवढं दार लावून घ्या."