पुनावळ्याचा ओढा मोजताना

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला नकाशे बनवायला शिकवत होते. मोठ्यांनी धाकट्यांना शिकवायचं, ही सरांची कल्पना. मोबाईलवर जागेचा बिंदू कसा घ्यायचा, तो उपग्रहाच्या चित्रावर कसा बसवायचा, एवढंच. ती मारुंजीच्या जुन्या शेतकरी घरातली. मी काळेवाडीत भाड्याच्या खोलीत वाढलेली, वडील चाकणला कंपनीत. तिला जमीन कळायची, मला फक्त स्क्रीन. तरी ती मला ताई म्हणायची आणि ते मला फार आवडायचं.

पुनावळ्यात नव्या इमारतींच्या मधून अजून एक ओढा वाहतो. तो नकाशावर आणायला एका सकाळी आम्ही दोघी गेलो. मी लाल-पांढऱ्या पट्ट्यांची सर्व्हेची काठी धरून उभी होते, ती बिंदू घेत होती. तेवढ्यात पन्नाशीचा एक माणूस शेतातून धावत आला.

"कुणी आणलं तुमाला मोजणीला? माझ्या चुलतभावानं ना?"

"न्हाई काका, आमी कॉलेजच्या हाय," ती म्हणाली.

त्याने माझ्या हातातली काठी हिसकावली आणि तिच्या डोक्यात घातली. ती गुडघ्यांवर बसली. दुसरा फटका माझ्या मनगटावर आला, हाड कडकन वाजलं. मी पळाले. तिला तिथंच टाकून, एका अर्धवट बांधलेल्या भिंतीमागे जाऊन बसले.

तिथून मला सगळं दिसत होतं. आरडाओरडा ऐकून त्याचा चुलतभाऊ कोयता घेऊन आला. दोघांचा बांधावरून जुना वाद होता, हे नंतर कळलं. एकही शब्द न बोलता त्याने त्या माणसाच्या खांद्यावर वार केला. मग दंडावर. मग पुन्हा तिथंच. माणूस ओढ्यात कोसळला, पाणी लाल झालं. चुलतभाऊ कोयता टाकून निघून गेला.

तिच्या डोळ्यांत रक्त उतरत होतं. तशीच ती रांगत पाण्यात गेली आणि जिने मार खाल्ला होता तिनेच आपली ओढणी त्याच्या खांद्यावर दाबून धरली.

"ताई, या ना इकडं! मला एकटीला उचलंना!"

मी हलले नाही.

एका हाताने तिने ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ड्रायव्हरला नवे रस्ते सापडेनात, तेव्हा तिने नुकताच घेतलेला बिंदू त्याला पाठवला. गाडी थेट ओढ्यावर आली. मग मी भिंतीमागून बाहेर पडले.

माणूस वाचला, पण तो हात कायमचा गेला. तिला सात टाके पडले, मला प्लॅस्टर. चौकीत जबाब देताना मी सांगितलं, "मी मदत आणायला गेले होते." ती शेजारीच बसून ऐकत होती.

आठवड्याने लॅबमध्ये मीच विषय काढला. "मी पळाले होते गं."

"मला दिसलं व्हतं, ताई," ती म्हणाली. पट्टी बांधलेलं डोकं स्क्रीनवरून तिने वर उचललं नाही. "आता हे बिंदू जोडायचे कसे, ते सांगा."

मी सांगितलं. ती लाज मारापेक्षा जास्त झोंबली. दुसऱ्या दिवशी मी एकटीच चौकीत गेले आणि जबाबातलं ते एक वाक्य बदलायला सांगितलं. हवालदार म्हणाले, "यानं केसला काय फरक पडणार?"

"काही नाही," मी म्हटलं. "तरी लिहून घ्या."