कडू महाजनचा जम्मूतला जोडीदार

आधीची दोन पोरं गेली म्हणून तापीकाठच्या तुकईथड गावातल्या महाजनीणबाईंनी तिसऱ्याचं नाव कडू ठेवलं. यमाने तोंड वाकडं करून पुढे जावं म्हणून. यम गेला, पण माणसं चिकटली, कारण कडूची जीभ मोठी गोड. तो केळीच्या ट्रकबरोबर जम्मूला जायचा, माल नीट उतरवून घ्यायला.

तिथल्या मंडीत इमान हुसेन हा हमाल होता. केळीची फणी तो तान्हं बाळ घ्यावं तशी उचलायचा.

"केळीत वाढला का रे तू?" कडूने विचारलं.

"अब्बा का बगीचा था, बर्मा में. आपके केले से मीठा."

तापीकाठच्या केळीपेक्षा गोड? कडूला झोंबलं. दोन वर्षं दर खेपेला चहावर हेच भांडण. शेवटी कडू म्हणाला, "मग आण तुझं एक केळं. होऊन जाऊ दे."

इमानने हसत हसतच सांगितलं. आजोबांचे कागद तिकडच्या सरकारने काढून घेतले, मग तुम्ही इथले नाहीतच म्हणाले. पुढे फौजेने गाव जाळलं, बागही. तो आणि बायको हमीदा नदी ओलांडून बांगलादेशात पळाले, तिथून जम्मूला आले.

कडूने चहाचा कप खाली ठेवला. "जाऊ दे," तो पुटपुटला, "तुझंच केळं गोड."

"नहीं भैया, रहम खाके मत हारो. लड़ो."

२०२१च्या मार्चात कडू पोचला तर इमान नाही. पोलिसांनी कागद तपासायला बोलावलं आणि तिथूनच परदेशी लोकांना ठेवतात त्या बंदिस्त जागेत नेलं, असं हमीदा म्हणाली. कडू दोन फण्या घेऊन तिच्याबरोबर बसने तिकडे निघाला.

दारावरच्या शिपायाने विचारलं, "तुम कौन लगते हो?"

"भांडणवाला दोस्त, साहेब."

शिपाई हसला, पण आत फक्त हमीदाला सोडलं. कडू उन्हात उभा. पाऊण तासाने ती इमानला भेटून डोळे पुसत बाहेर आली. "पूछ रहे थे, माल कौन उतारता है? नया लड़का फणी उल्टी तो नहीं रखता?"

घरी बायकोने, शोभाने, उशिराचं कारण विचारलं. कडूने सगळं सांगितलं.

"पण त्यानं केलं काय?"

"काही नाही. कागद नाही त्याच्याजवळ."

"आपल्या म्हशीच्याही कानात सरकारी नंबर आहे," शोभा म्हणाली, आणि चूल फुंकायला लागली.

पुढच्या खेपेला तिने हमीदासाठी लाडवांचा डबा बांधून दिला. इमान अजून आतच आहे. कडू दर खेपेला बस पकडतो, दाराशी उभा राहतो, आणि आता शिपायाशीही केळ्यांवरून भांडतो.