गावी जाणाऱ्याची ओपनिंग

आमच्या लीगमध्ये एक नियम कुठेच लिहिलेला नव्हता. जो कायमचा गावी निघाला, त्याने शेवटच्या रविवारी ओपनिंग करायची. मग तो आयुष्यभर अकराव्या नंबरवर खेळलेला का असेना. इथे आखातात, मुसाफाच्या कामगार-कॅम्पांमागे वाळूचं मैदान आहे. तिथे मी अशा कितीतरी ओपनिंग स्कोअरबुकात लिहिल्या. बहुतेक शून्याच्या.

बाबा क्रेन चालवतात आणि रविवारी अंपायरिंग करतात. त्यांच्याबरोबर जाता जाता मी स्कोअरर झाले. घरात कॉलेजात जाणारी मी पहिलीच, म्हणून इंग्रजीत काही भरायचं असलं की ते माझ्याकडे येतं.

या वर्षी कमिटीने लीग नव्याने बांधली. गावाकडच्या वाड्यांच्या नावाने वीसेक टीम होत्या, त्यांच्या आठ केल्या. मॅच आता शहरातल्या हिरव्या टर्फवर आणि स्कोअर मोबाइलच्या अ‍ॅपवर. खरं सांगते, मला ते पटलं होतं. वाळूत पाय मुरगळायचे आणि एकेका रनआउटवर अर्धा तास भांडण चालायचं. पण टर्फपर्यंत कॅम्पची बस जात नाही. बादल्या पालथ्या घालून त्यावर बसणारे, प्रत्येक बॉलला ओरडणारे आमचे प्रेक्षक तिथे कसे येणार, हे कमिटीला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

आमची खालची वाडी वरच्या वाडीत मिसळली. या दोन टीम इतकी वर्षं एकमेकींना हरवण्यासाठीच खेळत होत्या. आता दोघींची मिळून पंधरा नावं द्यायची होती. आपल्या माणसाचं नाव कापायला कोणीच तयार नव्हतं. वरच्या वाडीचा कॅप्टन म्हणाला, "तू शिकलेली, तूच ठरव. म्हणजे शिव्या तुला पडतील."

मी ठरवलं. दोन वर्षांची स्कोअरबुकं उघडली, रन आणि विकेट मोजल्या, पंधरा नावं काढली आणि फॉर्म पाठवून दिला. यादी ग्रुपवर टाकली. कोणीच भांडलं नाही, तेव्हा मला बरं वाटलं. एका काकांनी तर अंगठ्याचा इमोजीही टाकला.

हे काका आमच्या वाडीचे. बांधकामावर शटरिंगचे सुतार. बाबांना इथे त्यांनीच आणलं. त्या दिवशी जेवताना बाबा म्हणाले, "यादी चांगली आहे. पण पुढच्या महिन्यात काका चाललेत. कायमचे."

हे मला माहीत होतं. त्यांच्या सामानाच्या खोक्यावर गावाचा पत्ता मीच लिहून दिला होता. पण पुस्तकात त्यांचे रन नव्हते, म्हणून माझं बोट त्यांच्या नावावर थांबलंच नाही.

मी कमिटीतल्या साहेबांना फोन केला. काय बोलायचं ते आधी कागदावर लिहून घेतलं होतं, तरी अडखळले.

"ताई, लिस्ट लॉक झाली," ते म्हणाले. "आता अ‍ॅपच घेत नाही. नेक्स्ट सीझनला बघू."

"पुढच्या सीझनला ते इथे नसतील, सर."

"मग काय करणार? सॉरी हां."

काकांची माफी मागायला गेले तर ते हसले. "काय गो, त्या गालिच्यावर कोण खेळतंय? माझे गुडघे वाळूचे आहेत."

ते वाक्य मी धरून ठेवलं. दोन्ही वाड्यांच्या ग्रुपवर लिहिलं: चूक माझी आहे. काकांच्या शेवटच्या रविवारी सकाळी जुन्या मैदानावर या. खालची विरुद्ध वरची. पाठवल्यावर पाच मिनिटं फोन उलटा ठेवला. मग पाहिलं, तर वरच्या वाडीच्या कॅप्टनचं उत्तर होतं: "हरायला तयार राहा. यल्ला, येतोच."

त्या रविवारी बादल्या कमी पडल्या. ज्यांना टर्फ लांब पडत होतं ते सगळे आले होते. काका टोपी नीट करून स्टान्स घेऊन उभे राहिले. वरच्या वाडीचा कॅप्टन स्वतः बॉल टाकायला धावत आला आणि पहिल्याच बॉलला मधला स्टंप उडाला.

मग बाबांनी हात आडवा केला. "नो बॉल."

"कसला नो बॉल?" कॅप्टन ओरडला. "पाय अख्खा आत होता! चष्मा लावा, अंपायर!"

"खलास. निर्णय दिला."

"पोरीला विचारा! ती खोटं लिहीत नाही!"

सगळे माझ्याकडे बघू लागले. पाय आतच होता, मी नीट पाहिलं होतं. टीम आकड्यांवरूनच निवडावी, असं मला आजही वाटतं. पण काका स्टंप पुन्हा रोवत होते, बॅटच्या मुठीने ठोकून, सुताराच्या सवयीने.

"नो बॉल," मी मोठ्याने म्हणाले आणि लिहिलं.

कॅप्टनने कपाळावर हात मारला, पण हसत हसतच परत रनअपकडे गेला. पुढचा बॉल त्याने मुद्दाम हळू टाकला असेल. मी तसं कुठे नोंदवलेलं नाही. काकांच्या नावापुढे चार रन आहेत.