ज्युलिएट पेझारकर, क्लब सेक्रेटरी

ज्युलिएट पेझारकर नागपाड्यात वाढली, तिथल्या कोर्टवर भावांबरोबर बास्केटबॉल खेळली आणि १९६५ साली नवऱ्यापाठोपाठ ब्रिस्टलला आली. योएल विमानाच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. हिला टायपिंग येत होतं, खेळही कळत होता, म्हणून एका बास्केटबॉल क्लबने तिला सेक्रेटरी म्हणून ठेवून घेतलं.

पुढे क्लब व्यावसायिक लीगमध्ये गेला. चेअरमन मिस्टर हॅडली सामन्याला येत, पाहुण्यांशी हात मिळवत. बाकी सगळं ज्युलिएटकडे. बस ठरवायची, पंच बोलवायचे. अमेरिकेहून सहा फूट आठ इंचांचा खेळाडू आला, त्याला पुरेल असा पलंग शहरात मिळेना, तेव्हा तिने योएलकडून पलंगाला फळी ठोकून घेतली.

१९७४च्या जानेवारीत देशभर विजेची टंचाई झाली. क्लबच्या हॉलवाल्यांनी सांगून टाकलं, संध्याकाळी दिवे मिळणार नाहीत. आणि लीगचा नियम होता, दोन सामने बुडाले की क्लब बाहेर.

"यंदा गाशा गुंडाळू या," हॅडली म्हणाले.

"मला आठ दिवस द्या," ज्युलिएट म्हणाली.

रोज जेवणाच्या सुट्टीत ती शहर पालथं घालत राहिली. सातव्या दिवशी काचेच्या छपराचं एक बस-गॅरेज सापडलं. दिवसाउजेडी खेळता येणार होतं. पण गॅरेज रविवारीच रिकामं असे.

"रविवारी? चर्चच्या दिवशी?" लीगच्या ऑफिसातून फोनवर विचारणा झाली.

"चर्च बारापर्यंत सुटतं. आम्ही एकला सुरू करू."

खेळाडूंनी जमिनीवरचं तेल घासून काढलं. त्या हंगामात क्लबचा एकही सामना बुडाला नाही.

मे महिन्यात लंडनला लीगचं जेवण होतं. वर्षातल्या सर्वोत्तम व्यवस्थापकाला द्यायच्या ढालीचं बक्षीस जाहीर झालं: मिस्टर हॅडली. शिफारशीचा फॉर्म त्यांनी स्वतःच, स्वतःच्या नावाने भरला होता. भाषणात ज्युलिएटचं नावही घेतलं नाही.

परतीच्या ट्रेनमध्ये योएल म्हणाला, "सोडून दे ना, ज्युली."

"ढाल त्यांना लखलाभ. पण काम कोणी केलं ते कागदावर आलंच पाहिजे."

तिने लीगमधल्या बाकीच्या नऊ क्लबांना पत्रं टाकली. प्रश्न एकच: 'सामन्याची वेळ बदलायची असली की तुम्ही कोणाला फोन करता?' नऊच्या नऊ उत्तरांत तिचं नाव आलं. ती उत्तरं तिने लीगकडे पाठवली आणि खाली लिहिलं, यापुढे फॉर्म प्रतिस्पर्धी क्लबांनी भरावेत.

हॅडली संतापले. "चारचौघांत माझी शोभा केलीत तुम्ही!"

"तुमचं बक्षीस मी मागितलेलं नाही," ती म्हणाली. "फॉर्म तुमच्या हातात नको, एवढंच मागितलंय."

त्यांनी राजीनामा मागितला, तिने दिला नाही. ती गेली तर आम्हीही जाऊ, असं खेळाडूंनी कळवल्यावर तो विषय बंद झाला.

नियम पुढच्या वर्षी बदलला. त्या वर्षीचं बक्षीस लेस्टरच्या व्यवस्थापकाला मिळालं. तिनेही त्याचंच नाव लिहिलं होतं, कारण त्याचं काम खरंच चोख होतं. १९७७ साली मात्र नऊपैकी सात क्लबांनी ज्युलिएटचं नाव लिहिलं.

निवेदकाने वाचलं, "मिस्टर जे. पेझारकर."

ज्युलिएट स्टेजवर गेली, पण ढालीला हात लावला नाही. "मिसेस," ती माइकमध्ये म्हणाली. "मिसेस ज्युलिएट पेझारकर. पुन्हा वाचा, प्लीज."

त्याने पुन्हा वाचलं. मग तिने ढाल घेतली.