साडूभाऊंचा पांढरा ठिपका

माणसं समोरून बघायची असतात, ही गोष्ट माझ्या साडूभाऊंना लहानपणी कोणी सांगितलीच नसावी. ते सगळं वरून बघतात. नोकरीच तशी आहे म्हणा. उपग्रहाने टिपलेली चित्रं संगणकावर उघडायची आणि कुठे शेत, कुठे खडक, कुठे खाजण, कुठे इमारती हे ठरवून नकाशात रंग भरायचे, हे काम ते इतकी वर्षं करतायत की सिल्व्हर पार्कातल्या सातव्या मजल्यावरच्या गॅलरीतून त्यांना शेजारी दिसत नाहीत, शेजाऱ्यांची टकलं दिसतात. सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे त्यांच्या लेखी 'मध्ये उघडी जमीन, कडेने विरळ झाडी'. एकदा भाजीबाजारात मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, तर ओळखेचनात. पडलेलं लिंबू उचलायला वाकलो तेव्हा म्हणाले, "अरे, तुम्ही होय!"

त्यांच्या चित्रांत झाडी लाल दिसते. डोळ्यांना न दिसणारा उजेड उपग्रहाला दिसतो, असं काहीसं त्याचं कारण आहे; मला ते तीनदा समजावून झालंय. धाकट्या मेहुणीच्या लग्नात लाल शालू नेसलेल्या नवरीला ते कौतुकाने म्हणाले, "वा, अगदी घनदाट जंगल!" नवरी अजून त्यांच्याशी जपूनच बोलते.

पण रंगाची शंका आली, की जागेवर पाय ठेवल्याशिवाय तो भरायचा नाही, हा त्यांचा धर्म. उत्तनजवळच्या चौक गावातला एक हिरवा तुकडा त्यांच्या चित्रात काही केल्या लाल होईना, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बस पकडून गेले. ते निघालं कुणाच्या तरी अंगणातलं प्लॅस्टिकचं गवत. उकिडवे बसून त्यांनी ते उपटून बघितलं, आणि घरमालकीण आतून झाडू घेऊन आली.

गेल्या वर्षी आमच्याच भागाचा नकाशा त्यांच्याकडे आला आणि त्यात आमच्या सासऱ्यांचं मिठागर आलं. सासरे भाईंदरचे जुने आगरवाले. आगर कधीच बंद पडलं होतं, तरी दर दिवाळीला ते "यंदा मीठ काढायचा" असं म्हणायचे. त्या एका वाक्यावर म्हातारा ताठ उभा होता. दर रविवारी पांढरी टोपी घालून ते साडूंकडे जेवायला येत. साडू गॅलरीतून आत ओरडत, "ठिपका फाटकाशी आला, पानं घ्या!" नकाशाचं कळलं त्या रविवारी सासऱ्यांनी आल्या आल्या विचारलं, "जावई, आमच्या आगराला रंग कुठला दिला?"

संगणकाने तिथे 'इमारत' ठरवली होती. सुकलेलं मीठ आणि सिमेंटची गच्ची वरून सारखीच चमकते म्हणे. "इमारत? माझ्या आगरान?" सासरे उठलेच. "चला, मिठागर की पडीक, ते बघून ठरवू," साडू म्हणाले. जेवण झाकून ठेवून आम्ही तिघे रिक्षाने गेलो. बांध फुटलेले, खाडीतली तिवरं आत शिरलेली, मधोमध पांढरा पापुद्रा. सासऱ्यांनी वाकून चिमूट उचलली आणि जिभेवर ठेवली. "बघा, मीठ हाय! पडीक न्हाय!"

साडूंनी उकिडवे बसून पापुद्रा बोटाने उकरून बघितला. मला वाटलं, लिहितील 'मिठागर', कोणाचं काय जातंय! पण नाही. म्हणाले, "मीठ आहे, बाबा. पण ते काढत कोणी नाही. मला पडीकच लिहावं लागेल." मला त्यांचा भयंकर राग आला.

घरी पानं मांडली, तेव्हा सासऱ्यांनी रुमालाची गाठ सोडली आणि आगरातलं मातकट मीठ स्वतःच्या हाताने साडूंच्या ताटात वाढलं. "खा. खोटा बोलला असता तर वाढला नसता." साडूंनी ते सगळं खाल्लं. दाताखाली वाळू वाजत होती ती मला ऐकू येत होती.

दिवाळीच्या आधीच सासरे गेले. साडू अजून रविवारी जेवणाच्या वेळी गॅलरीत उभे राहतात. परवा मीही शेजारी होतो. खाली फाटकाशी काहीतरी पांढरं हललं.

"पिशवी असेल," मी म्हणालो.

"असेल," साडू म्हणाले, आणि चपला घालून बघायला खाली उतरले.