खुणांची वाट

मी शाळेत सामान्य विज्ञान शिकवते. कुणाच्या अंगात आलं, कुणाला पिंपळाखाली काही दिसलं, की मुलांना माझ्याकडे पाठवतात. मॅडम पाच मिनिटांत भूत उतरवतात अशी माझी ख्याती आहे. तेव्हा हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय. पण वर्षभर पोटात ठेवलंय... आता राहवत नाही.

मोहाडी तालुक्यातल्या आमच्या शाळेत गाइडच्या मुली माझ्याकडे आणि स्काउटची मुलं एका सरांकडे. त्यांना इथे वासुभाऊ म्हणते, खरं नाव नको. एकोणीस वर्षं आम्ही दोघांनी हे पथक ओढलं. अलीकडे मुलं येईनात. गणवेश घालून टाळ्या वाजवण्यापेक्षा मोबाईल बरा, असं त्यांचं म्हणणं, आणि खरं सांगायचं तर त्यात फारसं चूक नव्हतं. बत्तीस जण उरले. संख्या वाढली नाही तर पथक बंद, असं मुख्याध्यापकांनी सांगून टाकलं.

म्हणून आम्ही नवं शिबिर आखलं. मैदानात नाही, जंगलात. नाकाडोंगरीच्या पुढे एका बोडीच्या काठावर तंबू (आमच्याकडे लहान तळ्याला बोडी म्हणतात), दोरावरून ओढा ओलांडणं, आणि मुख्य आकर्षण म्हणजे खुणांची वाट. एकाने पहाटे पुढे जाऊन दगडांच्या खुणा ठेवायच्या. बाण म्हणजे इकडून जा, फुली म्हणजे इकडे जाऊ नका, आणि शेवटी वर्तुळात एक दगड, म्हणजे मी घरी गेलो. मुलांनी त्या शोधत तीन किलोमीटर जंगल तुडवायचं. शेवटच्या तुकडीने प्रत्येक खूण मोडत यायचं, हा आमचा नियम — जंगलात आपला माग ठेवायचा नाही.

वाट एका जुन्या खदानीच्या कडेने जात होती. पालक बिचकले. मी घरोघरी गेले आणि प्रत्येक घरी एकच सांगितलं, वासुभाऊ स्वतः ती वाट चालून आलेत. मला त्यांनीच तसं सांगितलं होतं. "ताई, तुमी कायले चिंता करता? मी दोनदा चालून आलो. पोट्टे डोये झाकून जातीन."

डिसेंबरातला शनिवार. संध्याकाळी अवकाळी पाऊस कोसळला, तंबूंत पाणी शिरलं, पण रविवारी सकाळी लख्ख ऊन पडलं. वासुभाऊ घरून पहाटे परस्पर येऊन खुणा ठेवणार आणि दुसऱ्या टोकाला आमची वाट बघणार, असं ठरलं होतं. आठ वाजता पहिली तुकडी निघाली. मी शेवटच्या तुकडीबरोबर.

खुणा होत्या. अगदी चोख. बाणाच्या शेपटीच्या दगडाखाली पळसाचं पान दुमडून अडकवलेलं, लांबून दिसावं म्हणून. ही वासुभाऊंची जुनी सवय. दुसऱ्या कुणाला असं करताना मी पाहिलेलं नाही.

एका ठिकाणी दोन फाटे फुटतात. आमच्या नकाशाप्रमाणे सरळ जायचं होतं. पण सरळ वाटेवर फुली होती आणि बाण डावीकडे. आमची टोळीनायिका प्रणाली म्हणाली, "मॅडम, सरायनं इकडे जाऊ नका म्हून ठेवलं हाये." मला रागच आला. न विचारता वाट बदलली! पण पुढच्या तुकड्या डावीकडेच गेल्या होत्या, म्हणून आम्हीही वळलो.

मी माझ्या हाताने खुणा मोडत होते. दगड उचलला की खालचं गवत पिवळंफटक दिसायचं. हे मी दरवर्षी वर्गात शिकवते, उजेड मिळाला नाही की गवत पिवळं पडतं, पण त्याला आठवडा तरी लागतो. आणि हे दगड तर आज पहाटेचे... पान मात्र ताजं, देठाशी ओलं. मनात आलं आणि मी झटकून टाकलं. मुलं पुढे पळत होती. शेवटच्या बाणातलं पान तेवढं सहज हजेरीच्या वहीत ठेवलं.

शेवटी वर्तुळ, मध्ये दगड. वासुभाऊ नव्हते. फोन बंद.

मुलांना सोबतच्या शिक्षकांवर सोपवून मी तणतणत मागे गेले, ती सरळ वाट बघायला. फुलीच्या जागेपासून चाळीस पावलांवर वाटेखाली जमीनच नव्हती. पावसाने खदानीची कड आतून ढासळली होती, वर नुसतं गवताचं झाकण. पहिल्या तुकडीत सगळी पाचवीची पोरं होती. मी तिथेच बसून रडले. मनातल्या मनात वासुभाऊंना किती दुवा दिल्या असतील! पोरं वाचवून माणूस न भेटताच घरी गेला, त्यांचा स्वभावच तसा लाजरा, असं मीच ठरवून टाकलं.

दोन दिवस ते शाळेतही आले नाहीत, बुधवारी त्यांचा फोन लागला. मी खदानीचं सगळं सांगितलं, आभार मानले. ते म्हणाले, "ताई, मी तं आलोच नाही. शनवारपासून नागपूरले हावो."

नागपूरच्या एका खासगी शाळेने त्यांना साहसी शिबिरांचं प्रमुख नेमलं होतं. आराखडा आमचाच, नाव पण 'खुणांची वाट'च. महिनाभर आधी ठरलेलं, आणि मला एका शब्दाने सांगितलं नव्हतं.

"आणि दोनदा चालून आला होतात, ते?" मी विचारलं.

"नाही गेलो, ताई. वेळच नाही भेटला. वाटलं, गुराखी जातेत, वाट असनच."

मला वाटलं, आता खोटं बोलतायत. पण त्या शाळेने टाकलेले फोटो पाहिले. त्याच रविवारी सकाळी गळ्यात शिटी अडकवून ते तिथल्या मुलांपुढे उभे होते.

मग मी गुराख्यांना विचारलं, वनमजुरांना विचारलं. पळसाच्या पानाचं कुणालाच काही माहीत नव्हतं. आणि ते गवत... दगड तिथे आठवडाभर तरी असणार. पाऊस तर शनिवारचा. म्हणजे कड ढासळायच्या आधीपासून तिथे फुली होती. हे गणित मी शंभरदा मांडलं, सुटत नाही.

गेल्या महिन्यात त्या शाळेचा व्हिडिओ फिरत माझ्याकडे आला. वासुभाऊ पालकांना सांगत होते, एका पहाटे खदानीची कड ढासळलेली दिसली म्हणून त्यांनी वाट वळवली आणि बत्तीस मुलं वाचली. मीच फोनवर सांगितलेलं, शब्दन् शब्द. स्काउटांत डाव्या हाताने हात मिळवतात, विश्वासाची खूण म्हणून. एकोणीस वर्षं मी या माणसाला डावा हात दिला. त्या दिवशी घरी येऊन मी तो हात साबणाने धुतला, खोटं कशाला सांगू.

त्यांना खोटं पाडायला माझ्याकडे काही नाही. खुणा मीच मोडल्या, फोटो एकही काढला नाही. तुम्ही नव्हता म्हटलं, तर मग कोण होतं, हे मला कोण विचारणार नाही? आमची मुलं हीच गोष्ट गावभर सांगतात. ती ऐकून यंदा चोपन्न जण आले, पथक वाचलं. प्रणाली अजून विचारते, सर कवा येतीन. कामात आहेत, असं मी सांगते.

वहीतलं ते पान चार पानांसारखंच वाळलं. खुणा कोणी ठेवल्या, मला आजही माहीत नाही, आणि त्याची भीतीही वाटत नाही. ज्याने ठेवल्या, त्याने ती वाट चालून पाहिली होती.